वॉशिंग मशीनमधलं काडतूस आणि दीड कपाटात बसवलेला शूटिंगचा पसारा

सुरुवात वॉशिंग मशीनपासून झाली. सुट्टीची सकाळ, मशीन फिरतंय आणि आतून खडखड खडखड आवाज येतोय, मला वाटलं नाणं राहिलं असेल कुणाच्या खिशात, मी काही जागचा उठलो नाही. कपडे काढताना बायकोची हाक आली, "अरे, इकडे ये जरा. हे काय आहे?" दाराच्या रबराच्या घडीत अडकलेलं, चकचकीत धुऊन निघालेलं पॉइंट टू टूचं काडतूस. उडवलेलं रिकामं खोकं नाही हां, जिवंत. पुढची शिशाची गोळी जशीच्या तशी.

मी रायफल शूटिंग करतो, म्हणजे नेमबाजी. आदल्या दिवशी रेंजवर एक मिसफायर (ठोका बसूनही न उडालेलं) समजून बाजूला काढलं होतं, मग बघितलं तर त्याच्यावर ठोका देणाऱ्या पिनचा ठसाच नव्हता, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) नीट लागला नव्हता एवढंच, म्हणून "नंतर मारू" म्हणत ट्रॅकपँटच्या खिशात टाकलं आणि विसरलो. असं ते घरी आलं. बायको म्हणाली, "मशीनमध्ये फुटलं असतं तर?" आता तसं फुटायची शक्यता फारच कमी, या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या कडेत असतो आणि नेमका त्या कडेवर जोरात ठोका बसावा लागतो, हे मला माहीत होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. दुसरा प्रश्न तिने विचारलाच नाही, नुसतं मुलाच्या खोलीकडे बघितलं. तो दहा वर्षांचा आहे. कपडे मशीनमध्ये टाकायचं काम आम्ही त्यालाच दिलंय.

(धुतलेलं काडतूस वाळवून वापरायचं नसतं. आत ओल गेली असली तर बार कमजोर बसतो आणि गोळी नळीतच अडकू शकते, आणि ते लक्षात न येता मागून दुसरी मारली की नळीची वाट लागते, हाताची पण लागू शकते. मी ते पुढच्या खेपेला रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाकून आलो.)

तर त्या दिवशी ठरवलं की हे सगळं एकदा नीट लावायचं. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की आमच्याकडे जागा नाही म्हणून पसारा आहे. दोन बेडरूमचं घर, शूटिंगसाठी मला मिळालेली जागा म्हणजे बेडरूमच्या कपाटाचा एक उभा कप्पा आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा. आणि सामान किती, तर एक ५० मीटरची पॉइंट टू टू, एक १० मीटरची एअर रायफल, जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लव्ह, स्लिंग (रायफलचा पट्टा), मॅट, नीलिंग रोल (गुडघ्यावर बसून मारताना पायाखाली घ्यायची गोल उशी), स्पॉटिंग स्कोप (टार्गेट बघायची दुर्बीण) आणि त्याचा स्टँड, एअर रायफल भरायची हवेची टाकी, क्लीनिंगचं सामान, नेम धरायच्या साइटमध्ये घालायच्या रिंगांची डबी, अॅलन की, आणि "असू दे, लागेल कधीतरी" या नावाखाली जमा झालेल्या चार पिशव्या.

पहिलं काम केलं ते सगळं बाहेर काढायचं. मुलगा आजीकडे गेलेला दिवस मुद्दाम निवडला. दोन्ही रायफली आधी तपासून, बोल्ट काढून, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, ती रिकामी आहे हे दाखवणारा केशरी फ्लॅग घालून बाजूला कुलपात ठेवल्या, काडतुसं दुसरीकडे कुलपात, आणि मग उरलेलं जमिनीवर चादर टाकून त्याच्यावर ओतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे बरं का, कारण आवरायला बसलं की चार तास जातात, मधे फोन येतो, दारावर कोणीतरी येतं, आणि तेवढ्यात हत्यार चादरीवर उघडं पडलेलं नको.

चादरीवर जे निघालं ते बघून मलाच लाज वाटली. ४ नंबरच्या अॅलन की सहा. एकाच कंपनीच्या तेलाच्या तीन बाटल्या, तिन्ही अर्ध्या. डाव्या हाताचे दोन ग्लव्ह, त्यातला एक पार फाटलेला. कानात घालायचे प्लग तर इतके की मोजायचं सोडून दिलं. सिलिका जेलच्या पुड्या ज्या कधीच ओल पिऊन फुगून बसल्या होत्या आणि मी त्यांच्या भरवशावर निवांत. आणि एअर रायफलला लावायचा स्पेअर एअर सिलिंडर, ज्याच्यावरची तारीख मी विकत घेतल्यापासून वाचली नव्हती. या सिलिंडरला बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं स्पर्धेत परवानगी असते, तारीख त्याच्यावरच कोरलेली असते, आणि माझ्या सिलिंडरचे सात महिने उरले होते. म्हणजे पुढच्या सीझनला तपासणीच्या टेबलावर मला परत पाठवलं असतं आणि मी तिथे भांडत बसलो असतो.

जागेची अडचण खरी होती पण मुख्य अडचण ती नव्हती, हे मला तिथे चादरीवर बसून कळलं. सहा अॅलन की जमल्या त्या जागा कमी म्हणून नाही, तर दर वेळी एक सापडत नाही म्हणून मी दुसरी आणत गेलो म्हणून. वस्तूला घर नव्हतं. आणि काडतूस खिशात राहिलं ते तरी काय, रेंजवरून आल्यावर खिसे कुठे रिकामे करायचे याची जागाच घरात नव्हती.

आता लावायची सुरुवात मी अर्थातच चुकीची केली. इंटरनेटवर ते भोकांचे बोर्ड असतात ना भिंतीवर लावायचे, हुक अडकवले की सगळी अवजारं ओळीने टांगता येतात, ते बघून भारावलो आणि कपाटाशेजारच्या भिंतीवर एक ठोकला. इअरमफ, स्लिंग, क्लीनिंग रॉड, ग्लव्ह, सगळं टांगलं, दोन दिवस येता-जाता बघत होतो. तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला पाणी मागायला दारात उभा आणि बेडरूमचं दार उघडं, त्याची नजर सरळ बोर्डावर. "सर, शिकारीला जाता का?" मी हसून विषय बदलला आणि संध्याकाळी बोर्ड उतरवला. भिंतीवर हत्यार नव्हतंच, नुसतं सामान होतं, पण सामान बघितलं की हत्यार घरात आहे हे कुणालाही कळतं, आणि घरात काय आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायची काही गरज नाही. ज्यांना शोकेस करायची हौस आहे त्यांनी करावी, मला ते पटत नाही. शिवाय धूळ. स्लिंगच्या बकलांमध्ये आठवड्याभरात धूळ बसली होती. भिंतीची चार भोकं अजून तशीच आहेत, कॅलेंडर लावलंय त्याच्यावर.

मग स्टीलचं कॅबिनेट. हे आधीपासून होतं पण नुसतं कोपऱ्यात उभं होतं, भिंतीला बोल्ट न मारता. रिकामं कॅबिनेट दोन माणसं उचलून नेऊ शकतात, आणि कलतं केलं तर पहारीने दार उचकटणं पण सोपं जातं, त्यामुळे ते कपाटाच्या उभ्या कप्प्यात आत सरकवून मागच्या विटांच्या भिंतीत पक्कं केलं. बाहेरून कपाटाचं दार लावलं की तिथे काही आहे हे दिसत पण नाही. कॅबिनेट घेणाऱ्यांना एक सांगतो, त्याच्यावर पाच रायफलींचं लिहिलेलं असलं तरी ते साध्या सडसडीत रायफलींचं गणित असतं. स्पर्धेच्या मॅच रायफलला मागे खांद्याखाली अडकवायचा हुक, वर गाल टेकवायचा चीकपीस, बाजूला बोल्टची मूठ, पुढे वजनं, ती कुशीवर वळून झोपलेल्या माणसासारखी जागा खाते. माझ्या पाचवाल्यात दोन जेमतेम बसतात, त्याही एकीचं तोंड इकडे आणि दुसरीचं तिकडे अशा. दोघींच्या मधे साइट आपटू नये म्हणून जुन्या योगा मॅटचा तुकडा लावलाय.

काडतुसं वेगळ्या लहान स्टीलच्या पेटीत, वेगळ्या कुलपात, दुसऱ्या अर्ध्या कप्प्यात. नियम देशोदेशी वेगळे आहेत, तुमच्या परवान्यात काय लिहिलंय ते तुम्ही बघा, पण नियम नसता तरी मी हे वेगळंच ठेवलं असतं. काडतुसं मूळ ५०-५० च्या डब्यांतच ठेवतो, डब्यावर लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा नंबर, असतो आणि माझी रायफल एका लॉटवर सुंदर ग्रुप देते (गोळ्या एकमेकींजवळ पडतात) आणि दुसऱ्यावर रुसते, एकदा सुटी करून बरणीत ओतली की हे सगळं गेलं. जुना लॉट वर, नवा खाली. आणि या पेटीच्या आसपास स्प्रेचं तेल ठेवायचं नाही, आत झिरपणारं तेल हळूहळू मसाल्यापर्यंत पोचलं तर काडतूस मुकं होतं. माझी एक बाटली नेमकी काडतुसांच्या पिशवीतच आडवी पडलेली सापडली होती, झाकण सैल. आता कळतंय ते अधूनमधून मिसफायर कशाचे होते. निदान मला तरी तसं वाटतं.

चाव्यांचं पुराण वेगळंच. मी चावी माळ्यावरच्या एका जुन्या डब्यात ठेवायचो, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही, मी खूश. या आवराआवरीत चावी कुठे ठेवावी असं मी बायकोशी हळू आवाजात बोलत होतो तर बाहेरून चिरंजीव, "बाबा, ती वरच्या डब्यात असते ना, ती चावी?" कधीपासून माहीत आहे विचारलं तर म्हणे "पहिल्यापासून." म्हणजे लपवलेली चावी ही फक्त आपल्यापासून लपलेली असते, आपणच ती विसरतो. लहान मुलांना घरातली प्रत्येक गोष्ट कुठे आहे हे माहीत असतं. त्या आठवड्यात कॅबिनेटला नंबरचं लॉक बसवलं, नंबर कुणाच्या वाढदिवसाचा नाही, आणि काडतुसांच्या पेटीची चावी माझ्या रोजच्या जुडग्यात, जे माझ्या खिशात असतं आणि झोपताना उशाशी. नंबरच्या लॉकची बॅटरी एकदा स्पर्धेच्या आदल्या रात्री मान टाकून बसली होती तो किस्सा मग कधीतरी, पण तेव्हापासून इमर्जन्सीची चावी घराबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये असते आणि बॅटरी दर सहा महिन्यांनी चालू असली तरी बदलतो. मुलाला मात्र बसवून सगळं दाखवलं, हे काय, ते काय, एकट्याने का हात लावायचा नाही. पंधरा मिनिटांत कंटाळून खेळायला गेला. ते बरंच झालं.

इथपर्यंत झालं ते कुलपाचं. उरलेल्या सामानाला मात्र मी एक वेगळंच सूत्र लावलं आणि ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही कळत नाही. रेंजवरून आल्यावर माझे हात कुठल्या क्रमाने चालतात ते तीन-चार वेळा बघितलं आणि वस्तू त्या क्रमाने लावल्या.

म्हणजे कसं, दारातून आलो की आधी बूट. शूटिंगचे बूट तळाने सपाट असतात, ते घालून रेंजबाहेर चालायचं नसतं, पण रोजचे बूट सुद्धा रेंजच्या जमिनीवरचं शिसं घेऊन येतात. काडतुसाच्या मसाल्यात शिसं, गोळीत शिसं, त्याची बारीक भुकटी हाताला, बाहीला, सगळीकडे. म्हणून दारामागे झाकणाचा एक खोका, बूट त्यात, आणि तिथून थेट बेसिन, साबण आणि गार पाणी, त्याच्याआधी कशाला हात नाही, मुलाला पण नाही. सगळ्यात आधी रायफल आत, मग हे सगळं, हे वेगळं सांगायला नको. रायफल कॅबिनेटमध्ये जायच्या आधी परत एकदा चेंबर बघतो, रेंजवर बघितलेलं असलं तरी.

मग येतो तो ट्रे. साधा स्टीलचा ट्रे, उंच कडेचा, काडतुसांच्या पेटीच्या वर बसवलेला. खिसे त्यात उलटे करायचे. पँटचे, जॅकेटचे, बॅगेच्या बाजूचे सगळे कप्पे. उलटे म्हणजे अस्तर बाहेर येईल असे, नुसता हात घालून चाचपायचं नाही. आणि वही. रेंजवर नेलेली किती, मारलेली किती, परत आलेली किती. १२० नेली, ७८ मारली, ४२ पेटीत परत. पहिल्याच महिन्यात एकदा ४१ भरली आणि मी रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन बॅग उसवल्यासारखी तपासली, शेवटी मॅटच्या गुंडाळीत सापडलं. बायको दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

जॅकेट हा सगळ्यात आडमुठा मेंबर. कॅनव्हास आणि चामडं, ताठ, घडी घातली की मोडतं आणि तो मोड पाठीवर नेमका नको तिथे येतो. प्लास्टिकच्या हँगरने पहिल्या रात्रीच राम म्हटलं, धाडकन आवाज झाला आणि सगळे जागे. आता रुंद खांद्याचा लाकडी हँगर आहे, बटणं लावून, उभ्या कप्प्यात कॅबिनेटच्या शेजारी उरलेल्या एक वीत फटीत. पण तिथे लगेच जात नाही, घामाने आतून ओलं असतं, रात्रभर पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर, सकाळी आत. ओलं जॅकेट बंद कपाटात घातलं की बुरशी आणि वर त्या ओलीचा प्रसाद शेजारच्या रायफलला.

ओलीवरून आठवलं, फोमचा तो सुंदर हार्ड केस. रायफल त्यात घालून पलंगाखाली सरकवली की किती सुटसुटीत वाटतं ना. मी दोन आठवडे तसं केलं होतं पूर्वी, दमट दिवस होते, उघडलं तर बॅरलवर बरोब्बर माझ्या तीन बोटांचे तांबूस ठसे. फोम ओल धरून ठेवतो आणि घामात मीठ असतं, दोघांनी मिळून काम केलं. चामड्याच्या कव्हरचं पण तेच, चामडं कमावायला वापरलेली रसायनं लोखंडाला आणि पितळेला खातात. केस फक्त नेण्या-आणण्यासाठी. घरी आलं की बाहेर, तेलाचा हलका हात लावलेल्या फडक्याने पुसून कॅबिनेटमध्ये. एसी रेंजमधून दमट हवेत आलो असेन तर केस लगेच उघडत नाही, अर्धा-पाऊण तास बंदच राहू देतो, नाहीतर थंड लोखंडावर दव धरल्यासारखं पाणी सुटतं. कॅबिनेटमध्ये आता एक छोटं आर्द्रतेचं मीटर आहे, काटा पन्नासच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, आणि रंग बदलणारी सिलिका जेल, केशरी असली की ठीक, हिरवी पडली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, परत केशरी. आता रंग बघून कळतं.

क्लीनिंगचं सामान एका झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, बाटल्या उभ्या, काडतुसांपासून लांब आणि स्वयंपाकघरापासून तर फारच लांब, सॉल्व्हंट पेट घेतं. वापरलेले पॅच (नळी पुसायचे कापडाचे तुकडे) आणि चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डबीत. रॉड हा एकच प्रकार लांबच्या लांब, तो मी आधी कोपऱ्यात तिरका टेकवायचो आणि मग तो किंचित वाकला आणि वाकलेला रॉड नळीत घालणं म्हणजे आतून कानस फिरवण्यासारखं. आता कपाटाच्या दाराला आतून दोन क्लिपा आणि रॉड उभा लटकलेला. जेवणाच्या टेबलावर सफाई बंद, आधी करायचो, कबूल करतो. घडीचं एक छोटं टेबल आहे, त्याच्यावर फक्त हेच काम.

हवेची टाकी त्या अर्ध्या कप्प्याच्या कोपऱ्यात पट्ट्याने बांधून, गडगडू नये म्हणून, व्हॉल्व्हला टोपी, उन्हापासून आणि गॅसपासून दूर. ओ-रिंगला (जोडावरच्या रबरी कडीला) फक्त सिलिकॉन ग्रीस, साधं तेल तिथे चुकूनही नाही, एवढ्या दाबाच्या हवेत ते भडकू शकतं. रायफलच्या सिलिंडरमध्ये थोडी हवा ठेवूनच देतो, पूर्ण रिकामा केला की सील बसकण मारतात.

बारीकसारीक गोष्टींना, म्हणजे साइटच्या रिंगा, स्क्रू, अॅलन की, बॅटऱ्या, मासे पकडणाऱ्यांचा कप्प्याकप्प्यांचा पारदर्शक डबा. अॅलन की प्रत्येक मापाची एकच ठेवली, बाकी वाटून टाकल्या. नाण्याएवढ्या त्या सीआर २०३२ बॅटऱ्या मात्र कुलपातल्या बाजूला, पोराने गिळल्या तर दोन तासांच्या आत घसा जाळू शकतात, लोक काडतुसांना घाबरतात आणि या टीव्हीजवळ पडलेल्या असतात. पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांचा, डबा पण खालच्या फळीवर, कारण वरून एकदा पडलाय. ५०० पेलेट आणि गुळगुळीत फरशी. अजून कधीतरी कपाट सरकवलं की एखादं मिळतं. मऊ शिसं, पडलं की त्याचा मागचा घाघरा चेपतो, ती पेलेट सरावाला पण घेऊ नयेत, ग्रुप उगाच उघडतो आणि आपण आपल्या ट्रिगरला दोष देत बसतो.

एवढं सगळं व्हायला तीन सुट्ट्या गेल्या. आता रेंजवरून आल्यापासून शेवटचं कुलूप लागेपर्यंत वीस मिनिटं लागतात, आधी पाच लागायची आणि उरलेला आठवडा शोधण्यात जायचा.

राहता राहिला नीलिंग रोल. २५ सेंटीमीटर लांब, १८ सेंटीमीटर जाड, नियमात जेवढा मोठा चालतो तेवढा मोठा मी घेतलाय आणि तो काही केल्या कुठेच बसत नाही. कॅबिनेटवर ठेवला तर जॅकेट चेपतं, पेटीवर ठेवला तर ट्रे काढावा लागतो, मॅटमध्ये गुंडाळला तर मॅट आत जात नाही. सध्या तो पलंगाखाली आहे आणि त्याचं एक टोक बाहेर येतं, आणि बायकोच्या पायाची करंगळी त्याला आठवड्यातून एकदा तरी लागतेच. कुणाला काही सुचत असेल तर सांगा.